टेंडर लिहायच्या आधी विचारा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

अमुक एक सेवा आता स्वयंसेवी संस्थांमार्फत चालवणार अशी बातमी आली की त्यात बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात, काम किती कोटींचं आणि ते कोणाला मिळालं. मी चौदा वर्षं एका छोट्या संस्थेत प्रपोजल लिहिणं, हिशोब ठेवणं आणि सरकारी खात्याला रिपोर्ट पाठवणं हे काम केलंय. एकटे राहणारे म्हातारे लोक, त्यांच्या घरी जाऊन भेटायचं, औषधं घेतायत का बघायचं, दवाखान्यात न्यायला कोणी आहे का ते बघायचं, अशी आमची सेवा होती. त्या अनुभवावरून सांगते, अशा सेवेचं बरंवाईट टेंडर उघडतात त्या दिवशी ठरत नाही, टेंडरचा मसुदा लिहितात त्या दिवशीच ठरून गेलेलं असतं आणि त्या दिवशी आमच्यासारख्यांना कोणी बोलावलेलं नसतं. म्हणून हे पत्र.

आमच्या मासिक रिपोर्टमध्ये एक कॉलम होता, 'भेटींची संख्या'. एकदा आमची कार्यकर्ती एका आजींकडे गेली, त्यांचे यजमान जाऊन जेमतेम महिना झाला होता. आजींनी दार उघडलं आणि काही न बोलता परत पलंगावर जाऊन बसल्या. गोळ्यांची वारांची डबी टेबलावर होती, मंगळवारपासूनचे सगळे कप्पे भरलेले, आणि तो दिवस शनिवारचा. आमची ही कार्यकर्ती मुलगी दीड तास तिथे बसली, पहिला अर्धा तास तर दोघी गप्पच होत्या, मग आजी बोलायला लागल्या, मग गोळी घेतली, मग लेकीला फोन लावून दिला, सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली. संध्याकाळी मी त्या कॉलममध्ये काय भरलं, तर 1. कोणी दारातूनच 'बरं आहे ना' विचारून पाच मिनिटांत निघून गेलं असतं तरी तिथे 1 च आला असता. आणि पैसे भेटीमागे. मग दिवसाला चार घरं करणाऱ्या संस्थेचा दर जास्त दिसणार, बारा घरं करणाऱ्या संस्थेचा कमी दिसणार, आणि काम एल-वनला म्हणजे सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला जाणार हे ओघानंच आलं. यात अधिकाऱ्याचा काही दोष नाही, त्याच्या हातात फक्त तो कॉलम आहे. पण तो कॉलम बनवताना कोणी आमच्या मुलीला एक प्रश्न विचारला असता तर तिने पाच मिनिटांत सांगितलं असतं की भेट किती वेळ चालली आणि तीच व्यक्ती परत गेली का हे विचारा, आकडा नंतर बघा.

हे काही फक्त माझं म्हणणं नाही. ब्रिटनमध्ये 2012 साली सोशल व्हॅल्यू ॲक्ट नावाचा कायदा झाला, 2013 च्या जानेवारीपासून लागू झाला. त्यात सरकारी यंत्रणेवर एक जबाबदारी टाकली, सेवा विकत घेण्याची प्रक्रिया सुरू करायच्या आधी या खर्चातून त्या भागातल्या लोकांचं आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणाचं भलं कसं होईल याचा विचार करायचा, आणि लोकांशी सल्लामसलत करायची का हेही आधीच ठरवायचं. शब्द नीट बघा, 'विचार करायचा' एवढंच म्हटलंय, त्यामुळे कायदा तसा मऊच आहे, पण 'प्रक्रिया सुरू करायच्या आधी' हे त्यात आलं याचं मला फार मोल वाटतं. इटली त्याच्याही पुढे गेली. तिथे 2017 साली संस्थांसाठी कायद्याची एक संहिता आली, तिच्या 55 व्या कलमात असं आहे की गरजा कोणत्या आहेत हे सरकार आणि संस्था मिळून ठरवतील आणि सेवेचा आराखडाही मिळून करतील. 2020 साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल क्रमांक 131 मध्ये सांगितलं की नफा आणि स्पर्धेवर चालणाऱ्या बाजारापेक्षा हा सरकार आणि संस्थांमधल्या सहकार्याचा वेगळा मार्ग आहे. म्हणजे टेंडर हा एकच रस्ता आहे असं जे आपल्याला कायम सांगितलं जातं ते खरं नाही.

आता टेंडर काढायचंच असेल तरी ते कसं काढता यावर सगळं आहे. मागच्या तीन वर्षांची टर्नओव्हर इतकी हवी, अनामत रक्कम इतकी हवी, एकाच वेळी दहा भागांत काम करण्याची क्षमता हवी, अशा अटी घातल्या की एका वस्तीत वीस वर्षं काम केलेली, प्रत्येक घर ओळखणारी संस्था पहिल्याच पानावर बाद होते. खात्याच्या बाजूने बघितलं तर त्यांना पंचवीस छोटी काँट्रॅक्ट सांभाळण्यापेक्षा एक मोठं सोपं जातं, माणसं कमी असतात, ऑडिटला उत्तरं द्यायची असतात, हे मला समजतं. पण मोठं काम मोठ्या कंपनीला आणि तिने मग छोट्या संस्थांना सबकाँट्रॅक्ट द्यायचं या पद्धतीत काय होतं तेही बघायला पाहिजे. ब्रिटनमध्ये 2011 साली बेरोजगारांना काम मिळवून देण्यासाठी वर्क प्रोग्रॅम सुरू झाला, 18 मुख्य कंत्राटदार, त्यातल्या बहुतेक खासगी कंपन्या, आणि त्यांच्या बोलीत छोट्या संस्थांची नावं पुरवठादार म्हणून जोडलेली. नंतर बऱ्याच संस्थांची तक्रार आली की नावं वापरली पण बेरोजगार माणसंच त्यांच्याकडे पाठवली नाहीत. तिथे त्याला शब्दच पडला, 'बिड कँडी', म्हणजे बोली गोड दिसावी म्हणून वर लावलेली गोळी. ज्या संस्थेने लोकांचा विश्वास कमवायला आयुष्य घातलं तिच्या नावाचा असा वापर होतो हे वाचून मला खूप लागलं, कारण आमच्याकडेही एकदा बोली लावणाऱ्यांनी नाव वापरायला पत्र मागितलं होतं, लेटरहेडवर सही करून द्या म्हणून, आम्ही दिलं, आणि त्यानंतर त्या लोकांचा फोनसुद्धा आला नाही.

तुरुंगातून सुटलेल्या आणि शिक्षेनंतर देखरेखीखाली असलेल्या लोकांच्या बाबतीत तर याहून वाईट झालं. 2014-15 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रोबेशनचं, म्हणजे अशा लोकांवरच्या देखरेखीचं, मोठं काम 21 कंपन्यांकडे दिलं, स्थानिक संस्थांना त्यात भरपूर वाव मिळेल असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात संस्थांचा सहभाग अपेक्षेपेक्षा खूप कमी राहिला, काँट्रॅक्ट मुदतीआधीच संपवावी लागली आणि 2021 च्या जूनमध्ये ते काम परत सरकारी सेवेकडे घेतलं. वाईट याचं वाटतं की त्याच देशात पीटरबरोच्या तुरुंगात 2010 पासून एक चांगला प्रयोग चालू होता. थोड्या दिवसांची शिक्षा भोगून सुटणाऱ्यांना संस्थांची माणसं तुरुंगाच्या दारापासून साथ द्यायची, पैसे खासगी गुंतवणूकदारांनी घातलेले आणि पुन्हा गुन्हे कमी झाले तरच ते परत मिळणार. 2017 च्या निकालात पुन्हा शिक्षा होण्याचं प्रमाण तशाच इतर कैद्यांच्या तुलनेत 9 टक्क्यांनी कमी निघालं, गुंतवणूकदारांना पैसे मिळाले. पण हा निकाल यायच्या आधीच त्या नव्या मोठ्या काँट्रॅक्टमुळे प्रयोगाचा तिसरा टप्पा रद्द झालेला होता. निकालावर पैसे या कल्पनेबद्दल मला शंका आहेतच, छोट्या संस्थेकडे निकाल लागेपर्यंत दोन-तीन वर्षं पगार द्यायला पैसा कुठून येणार, पण तिथे निदान एक गोष्ट बरोबर होती, किती भेटी झाल्या हे न विचारता त्या माणसाचं पुढे काय झालं हे विचारलं होतं.

पैशाबद्दल बोलते, कारण संस्थांनी पैशाबद्दल बोलायचं नसतं असा एक समज आहे आणि त्याने खूप नुकसान झालंय. कार्यकर्तीचा पगार मंजूर होतो, पण तिचा हिशोब ठेवणारी, तिला ट्रेनिंग देणारी, तिच्या कामाचं ऑडिट करून घेणारी माणसं 'ॲडमिन खर्च' म्हणून कापली जातात. आणि रिपोर्ट मात्र बारा प्रकारचे मागायचे. मग तो खर्च कुठून निघतो, तर कार्यकर्तीच्याच पगारातून निघतो, तिला कमी देऊन. अमेरिकेत फेडरल सरकारने 2014 च्या अखेरीस नियम लागू केला की ज्या संस्थेचा अशा अप्रत्यक्ष खर्चाचा दर सरकारशी ठरलेला नाही तिलाही तो 10 टक्के दराने घेता येईल, आणि ऑक्टोबर 2024 पासून तो दर 15 टक्क्यांपर्यंत वाढवला. ब्रिटनच्या अर्थखात्याने 2002 सालीच मान्य केलं होतं की संस्थांना सेवेचा पूर्ण खर्च मिळायला हवा. मान्य करणं आणि देणं यात अंतर पडलं ते वेगळं, पण निदान तत्त्व म्हणून तरी कोणी असं म्हटलं नाही की चांगलं काम करणाऱ्याने ऑफिसचं भाडं स्वतःच्या खिशातून भरावं.

आणि उशीर. आमचा एक हप्ता आर्थिक वर्ष संपायला चार दिवस असताना खात्यावर जमा झाला, आणि वर्ष संपायच्या आत खर्च करून युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, द्या, नाहीतर पैसे परत करा, असं सांगितलं. त्याआधीचे सात महिने दोन विश्वस्तांनी आपल्या ठेवी मोडून पगार दिले होते, तरी आमच्या तीन मुली मधेच काम सोडून गेल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्याकडची घरं गेली, म्हणजे त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा एका नव्या अनोळखी चेहऱ्याला दार उघडावं लागलं. न्यूयॉर्क शहरातही हेच दुखणं इतकं वाढलं होतं की 2022 मध्ये महापालिकेने खास मोहीम काढून संस्थांचे अडकलेले 4 अब्ज डॉलरहून जास्त रकमेचे करार मार्गी लावले. जगातल्या इतक्या श्रीमंत शहराची ही गत असेल तर प्रश्न पैसे नसण्याचा नाही, संस्था थांबू शकते असं गृहीत धरण्याचा आहे.

यावर लोक म्हणतील की आधी विचारायला गेलात तर ओळखीच्याच संस्थेला काम मिळेल, अटी तिच्या मापाच्या शिवल्या जातील. ही भीती खरी आहे, मी ती झटकून टाकत नाही. असे प्रकार होतात, आणि नावाला संस्था काढून बसलेले लोकही मी पाहिलेत. पण त्यावर उपाय दारं बंद करणं हा नाही ना, बैठक जाहीर करून घ्या, जी संस्था येईल तिला येऊ द्या, काय बोललं गेलं ते वेबसाइटवर टाका, आणि ज्यांना सेवा मिळते त्यांनाही बसवा, कारण संस्था म्हणजे लोक नव्हेत हेही मी कबूल करते, आम्हीसुद्धा कधी कधी आपल्या सोयीचं बोलतो. युरोपियन युनियनच्या 2014 च्या खरेदी निर्देशात सामाजिक सेवांसाठी मुद्दाम हलकी पद्धत ठेवलीय, साडेसात लाख युरोच्या खालच्या कामांना ती हलकी पद्धतसुद्धा लागू नाही, आणि दर्जा, सातत्य, सेवा घेणाऱ्याचा सहभाग हे बघायची मोकळीक दिलीय. स्पर्धाही राहते आणि अक्कलही वापरता येते.

अजून एक, थोडक्यात. काम सरकारकडून घेतलं म्हणून तोंड बंद ठेवायचं अशी अट कुठेही नसावी. ब्रिटनमध्ये 2016 साली सरकारी अनुदानाच्या पैशातून धोरणासाठी आग्रह धरता येणार नाही असं कलम करारात घालायचं जाहीर झालं, संस्थांनी एवढा विरोध केला की ते थांबवावं लागलं. जी मुलगी रोज घरोघरी दारं वाजवते तिलाच कळतं की औषधं दवाखान्यात संपलेली आहेत, ते तिने बोलायचं नाही तर कोणी बोलायचं.

शेवटी एका अधिकाऱ्याची गोष्ट सांगते, त्यांचं नाव लिहीत नाही. नव्या टेंडरचा मसुदा करायच्या आधी ते स्वतःहून दोन दिवस आमच्या मुलींबरोबर फिरले, जिने चढले, गोळ्यांच्या डब्या उघडून बघितल्या, एका आजोबांनी तर त्यांना नवीन कार्यकर्ता समजून वीजबिल भरायला दिलं आणि त्यांनी ते भरलंही. त्या वर्षीच्या टेंडरमध्ये दोन नव्या ओळी आल्या, भेट किमान पाऊण तासाची असावी आणि एका घरी निदान सहा महिने तीच व्यक्ती जावी. दर थोडा वाढला, आणि दवाखान्यात अचानक भरती करायची वेळ आमच्याकडच्या यादीत त्या वर्षी कमी वेळा आली, हे मी माझ्या रजिस्टरवरून सांगते. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. नवीन टेंडरची पीडीएफ आली तेव्हा मी सगळ्यात आधी त्या दोन ओळी शोधल्या, त्या नव्हत्या, तिथे परत 'भेटींची संख्या' होतं.

तुमच्या बातमीदारांना एवढीच विनंती आहे की अशी सेवा कोणाला मिळाली हे छापता तेव्हा टेंडरमधली सेवेची व्याख्या काय होती आणि ती लिहिताना कोणाला विचारलं होतं हेही खात्याला विचारा आणि छापा.

आपली,
एक नियमित वाचक