खून चोख असेल तरच हसू येईल

मा. संपादक,
स. न.

रविवार पुरवणीत ‘साभार पोच’ या मथळ्याखाली नवी पुस्तकं नाव आणि किमतीपुरती छापली जातात. लेखकाने पदरचे पैसे घालून काढलेली, हसवता हसवता अंगावर काटा आणणारी खुनाची कादंबरी तिथे दोन काव्यसंग्रहांच्या मध्ये येते आणि तिथेच संपते. असं पुस्तक पारखायला पंधरा मिनिटं पुरतात. परीक्षकांनी तेवढी द्यावीत, म्हणून हे पत्र.

मलपृष्ठ वाचू नये, तिथली स्तुती बहुधा ओळखीतली असते. संवादाचं कुठलंही पान उघडून ‘ऱ्य’ शोधावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना हा र हमखास मोडतो आणि ‘मारेकऱ्याने’चं ‘मारेकर्याने’ होतं. या प्रकारच्या कादंबरीत तो शब्द दर दोन-चार पानांनी येणारच, त्यामुळे याहून सोपी चाचणी नाही. दुसरी खूण ‘खूनाचा’. खून दीर्घ, पण खुनाचा आणि खुनी ऱ्हस्व. एखादी चूक सोडून द्यावी. पानाला तीन-चार निघाल्या तर मुद्रितशोधन झालेलंच नाही असं समजावं. प्रूफ कुणी वाचलं नसेल तर कथानकही दुसऱ्या कुणी वाचलेलं नसतं, आणि पान 40 वर गहाण पडलेलं घड्याळ पान 140 वर मयताच्या मनगटावर सापडतं.

यानंतर पोलीस येतात ते पान काढावं. काळा विनोद अतिशयोक्तीवर फार वेळ तगत नाही, तो कागदपत्रांवर जगतो. कादंबरी 2025 मध्ये घडत असेल आणि एफआयआरमध्ये जुन्या दंड संहितेचं कलम 302 लिहिलेलं असेल तर लेखकाने घरचा अभ्यास केलेला नाही. 1 जुलै 2024 पासून खुनाच्या शिक्षेचं कलम भारतीय न्याय संहितेत 103 आहे आणि पुरावा नाहीसा करण्याचं जुनं 201 आता 238 झालं आहे. (हवालदाराच्या तोंडी सवयीने ‘तीनशे दोन’ आलं तर ते उलट खरं वाटतं.) खून 2023 चा आणि प्रेत 2025 मध्ये सापडलं, तर शिक्षेचं कलम जुनंच राहतं, पण पंचनामा नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतो. एका प्रेताला दोन कायदे! चांगला लेखक यावर दोन पानं काढतो. त्या पंचनाम्याला परिसरातले किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी लागतात. आता खुनी हाच सोसायटीचा सेक्रेटरी असेल, तर विनोद शोधत फिरायची गरज उरत नाही.

सगळ्यात सुपीक जागा मात्र वारसाहक्काची. फ्लॅटसाठी काकांना मारून पुतण्याने प्रेत फारच उत्तम लपवलं, तर कागदोपत्री काका मेलेलेच नसतात. मृत्यूचा दाखला नाही, म्हणून फ्लॅट नावावर नाही. ज्यांना त्यांची खबर एरवी मिळाली असती, त्यांना सात वर्षं ती मिळाली नाही, तरच कायदा मृत्यू गृहीत धरतो. तोवर मेंटेनन्सची बिलं काकांच्याच नावाने येत राहतात आणि ती भरायची पुतण्याने. असं कथानक हाती आलं तर लेखकाचं नाव नवं की जुनं, हे बघत बसू नये.

शरीराचे नियमही तपासावेत. मृत्यूनंतर साधारण दोन-तीन तासांत जबड्यापासून ताठरता धरू लागते, बारा तासांच्या सुमारास अंग पुरतं ताठतं आणि पुढे दीड दिवसात सैल पडतं. उन्हाळ्यात हे सगळं लवकर होतं. त्यामुळे रात्री मेलेला माणूस सकाळी बॅगेत घडी होऊन बसला, की पुस्तक खाली ठेवावं. सत्तर किलोंचं प्रेत एकट्याने खांद्यावर टाकून तीन जिने उतरणारा नायकही त्यातलाच. दोघं लागतात, आणि दोघांमध्ये पुढे कोण, मागे कोण यावरून जे भांडण होतं तिथेच हसू असतं.

अशा कादंबऱ्या फसतात त्या बहुतेक दोन ठिकाणी. एक, लेखकाला स्वतःच्या विनोदाचा भरवसा नसतो, म्हणून पात्रं ‘खदाखदा’ हसतात आणि उद्गारचिन्हं तिहेरी होतात. दुसरं, शेवटच्या तीस पानांत त्याला अचानक सद्‌वर्तनाची आठवण होते आणि खुनी रडत कबुली देतो.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, असणं ही गुणवत्तेची पावती नव्हे. तो भारतात सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो. लेखकाकडून त्याचे वेगळे पैसे घेणाऱ्या ‘पॅकेज’पासून नवोदितांनी लांब राहावं. पण तो छापलेला असावा, ग्रंथालयाच्या नोंदीला सोयीचं पडतं. पुस्तक वाचकापर्यंत पोचवणंही सोपं नाही. दोनशे पानांचं, कादंबरीच्या नेहमीच्या डेमी आकाराचं पुस्तक साध्या कागदावर सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. डिसेंबर 2024 मध्ये टपाल खात्याने पुस्तकांची सवलतीची नोंदणीकृत सेवा बंद केली. मे 2025 पासूनच्या ‘ज्ञान पोस्ट’ या टपालसेवेत 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये अधिक कर पडतो, पण ती सोय शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक साहित्याची. काकांचा खून यातल्या कशात बसतो, हे लेखकाने काउंटरवर पटवून द्यायचं! कुरिअरने पाठवायचं तर दोनशे रुपयांच्या पुस्तकावर टपालखर्चच डोईजड होतो. वितरकाकडे दिलं तर छापील किमतीतले चाळीस टक्के किंवा त्याहूनही जास्त तिकडे जातात. म्हणूनच ही पुस्तकं दुकानात दिसत नाहीत. त्यांचा पत्ता वाचकाला वर्तमानपत्रातूनच लागू शकतो.

आपण महिन्यातून एकदा अडीचशे शब्दांची चौकट अशा एका पुस्तकाला द्यावी. ज्यात कलमं, ताठरता आणि जिने जागच्या जागी आहेत तेच निवडावं, बाकीच्यांची साभार पोच पुरे. चौकटीखाली पानं, किंमत, आयएसबीएन आणि पुस्तक कुठे मिळेल ते छापावं. खुनी कोण, ते मात्र छापू नये; आपल्याकडच्या काही परीक्षणांना ती खोड आहे.

आपला,
एक ग्रंथपाल, सांगली