भुलेचा आकडा आणि कपाळावरचा घाम

महोदय,

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या दमट हवेत बीआयएस मॉनिटर (मेंदूच्या लहरींवरून भुलेची खोली आकड्यात दाखवणारे यंत्र; आकडा कमी तितकी भूल गाढ) लावताना पहिली अडचण येते ती घामाची. कपाळावरची इलेक्ट्रोडची पट्टी नीट चिकटली नाही की मेंदूच्या लहरींऐवजी नुसता गोंगाट नोंदला जातो. कपाळ स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडे करावे, मग प्रत्येक इलेक्ट्रोड ५ सेकंद दाबून धरावा. त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युतरोध ७.५ किलोओहमच्या वर गेला तर आकड्यावर विसंबू नये.

पूर्ण भुलेत हा आकडा ४० ते ६० दरम्यान ठेवतात. पण केटामिन हे भुलेचे औषध दिल्यावर रुग्ण गाढ असूनही तो चढतो. तेवढ्यावरून औषध वाढवणे चूकच. उलट स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाने कपाळाच्या स्नायूंचे संकेत थांबतात आणि आकडा फसवा खाली येऊ शकतो. हे जास्त धोक्याचे, कारण तेव्हा जागा असलेला रुग्ण हलूही शकत नाही. कॉटरी (विजेने ऊती कापणारे व रक्तस्राव थांबवणारे उपकरण) चालू असताना आकडा पाहूच नये. शिवाय तो काही सेकंद मागचा असतो, म्हणून लहरींची मूळ रेघ वाचता यायला हवी. वृद्धांमध्ये ती मधूनमधून सपाट दिसली, तर भूल जास्त झाली समजावे.

कमरेत भूल देऊन रुग्ण जागाच ठेवायचा असेल, तर या पट्टीचा खर्च कशाला?

– एक भूलतज्ज्ञ, रत्नागिरी