रात्रपाळीच्या सिस्टर, थँक्यू म्हणायचं राहिलंय

सिस्टर नमस्कार, तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फीमेल वॉर्डात पोटदुखीवाली जी मुलगी होती ना तिचा मी भाऊ, सारखं पेनकिलर द्या ना म्हणून तुमचं डोकं खाणारा.

तिचं वय 24, नवरात्राचे कडक उपास केलेले, त्यात पाळी जवळ आलेली, आणि मग पोट असं दुखायला लागलं की गुडघे पोटाशी घेऊन ओरडायची. पण दाबून बघितलं तर पोट मऊ, सोनोग्राफी नॉर्मल, सीटी पण नॉर्मल. आधीच्या हॉस्पिटलात अपेंडिक्स झालं, ॲसिडिटी झाली आणि शेवटी "घरी लग्नाचं टेन्शन आहे का" इथपर्यंत गाडी आली. पोरीचे रिपोर्ट नॉर्मल आले की लगेच टेन्शन, पोराला विचारतात का असं कोणी? सोडियम कमी झालंय आणि नाडी पळतीये हे टेन्शनने होतं होय!

तुम्ही मात्र पहाटे लघवीची बॅग रिकामी करायला आलात आणि थांबलात. नळीत ताजी लघवी पिवळी आणि बॅगेत साठलेली कोकमाच्या आगळासारखी. ती ओतून न देता थोडी बाटलीत काढून खिडकीत उन्हात ठेवलीत, राउंडला डॉक्टरांना दाखवून म्हणालात, सर हे रक्त वाटत नाही, ठेवल्यावर रंग बदलतोय. तिथून सगळं फिरलं. डॉक्टरांनी उपास, पाळी, चालू गोळ्या सगळं विचारलं आणि लघवीचं नवीन सॅम्पल काळ्या कागदात गुंडाळून पॉर्फोबिलिनोजेन नावाचा पदार्थ वाढलाय का बघायला पाठवलं, कारण तो उजेडात खराब होतो आणि दुखत असतानाच पाठवलेलं बरं. निघालं ॲक्युट इंटरमिटंट पोर्फिरिया. हीम म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा भाग, तो बनवणारं एक एन्झाइम कमी पडतं, मधलाच माल (तेच पॉर्फोबिलिनोजेन वगैरे) लिव्हरमधून रक्तात येतो आणि त्रास नसांना होतो, मग सीटीत दिसणार काय कप्पाळ!

ग्लुकोजच्या सलाइनवर उतार पडला, हेमिनचं (म्हणजे तयार हीमचं) महागडं इंजेक्शन लागलं नाही. आता चालणाऱ्या न चालणाऱ्या औषधांची यादी तिच्या पर्समध्ये असते, उपास कायमचे बंद, आणि हे आनुवंशिक म्हणून आमच्या सगळ्यांच्या टेस्ट चालू आहेत. आजी उपासावरून जरा कुरकुरली, पण आईने गप्प केलं.

तुमची नाईट कधी असते तेवढं कळवा, आईला डबा घेऊन यायचंय.