मातीच्या तेलावरचं केल्व्हिन आणि तुझी नाव

आर्वी, जि. वर्धा
१४ नोव्हेंबर

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

विहिरीवरचं मातीच्या तेलाचं (रॉकेलचं) दोन हॉर्सपॉवरचं इंजिन पवनीकडच्या बॅकवॉटरमधल्या नावेत बसेल का, असं तू विचारलंस. बसेल, पण जसंच्या तसं नाही. नेमका हाच उद्योग ग्लासगोच्या बर्गियस कुटुंबानं शंभरावर वर्षांपूर्वी केला. जमिनीवरचं इंजिन पाण्यावर नेताना त्यांना काय काय सोडवावं लागलं, ते कळलं की तुझं अर्धं काम सोपं होईल.

वॉल्टर बर्गियसनं १९०४ मध्ये ग्लासगोत मोटारींचा कारखाना काढला. गाड्या मोजक्याच खपल्या. मग १९०६ मध्ये त्याच मोटारीचं चार सिलिंडरचं इंजिन एका वल्ह्याच्या नावेत बसवलं आणि नावेला ‘केल्व्हिन’ म्हटलं. ग्लासगोतून वाहणाऱ्या नदीचंही हेच नाव. पुढे मोटारी सुटल्या, लाँच आणि इंजिनं एवढाच धंदा राहिला, आणि स्कॉटलंडच्या हेरिंग मासे पकडणाऱ्या कोळ्यांच्या तोंडी केल्व्हिन म्हणजे इंजिन असंच झालं.

त्या इंजिनांची खरी खुबी इंधनात होती. पेट्रोलवर चालू करायचं आणि तापलं की मातीच्या तेलावर न्यायचं. तेव्हा तेल स्वस्त हे एक कारण. दुसरं माझ्या मते जास्त मोठं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. रानात ती वाऱ्यानं उडून जाते, नावेत मात्र तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीनं पेटते. मातीचं तेल गार असताना तसं पेट घेत नाही.

पण गार असताना पेट घेत नाही, हीच त्याची अडचणही आहे. कार्बोरेटरमधून निघालेलं तेल एक्झॉस्टच्या उष्णतेवर वाफ व्हावं लागतं. तुझ्या इंजिनाला छोटी पेट्रोलची टाकी आणि मोठी तेलाची टाकी आहे ती याचसाठी. दोन-तीन मिनिटं पेट्रोलवर चालू दे, मॅनिफोल्डवर पाण्याचा थेंब टाकला तर चुर्र व्हायला हवा, मगच कॉक फिरव. घाई केलीस तर पांढरा धूर येतो, प्लग ओला होतो आणि न जळलेलं तेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली क्रॅंककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइलच्या पेटीत, उतरतं. हा बिघाड दिसत नाही, म्हणून वाईट. डिपस्टिक ओढून बघ. ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली असेल, बोटांत धरल्यावर पाण्यासारखं लागेल आणि वासही येईल. अशा ऑइलवर आठ-पंधरा दिवस चाललं तरी कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजायला लागतं. म्हणून पेट्रोलवर जितक्या तासांनी ऑइल बदलतोस, त्याच्या निम्म्या तासांत बदल.

बंद करतानाही तसंच. आधी तेलाचा कॉक बंद, पेट्रोलचा चालू, आणि फ्लोटच्या वाटीतलं तेल संपेपर्यंत मिनिटभर चालू दे. नाहीतर दुसऱ्या दिवशी हात दुखेपर्यंत दोरी ओढत बसशील.

आणि मातीचं तेल मिळत नाही म्हणून त्यात डिझेल घालू नको रे, कोणी कितीही सांगितलं तरी. एवढ्या उष्णतेवर डिझेलची नीट वाफ होत नाही. काजळी धरते आणि क्रॅंककेस भरते. तेल नसेल तर सरळ पेट्रोलवर चालव, पण मग टाकी इंजिनापासून दूर ठेव, तळ उघडा आणि हवेशीर राहू दे, आणि नाव सोडायच्या आधी तळाशी वास घेऊन बघ.

बर्गियसची डिझेलवरची युक्ती तर फारच देखणी आहे. १९३० च्या दशकातल्या त्यांच्या के मॉडेलला सहा इंच बोअर, नऊ इंच स्ट्रोक, एका सिलिंडरमागे २२ हॉर्सपॉवर, तेही मिनिटाला ७५० फेऱ्यांवर. एवढं धूड हातानं डिझेलवर फिरवणार कोण? म्हणून हेडमध्ये जास्तीची एक पोकळी ठेवली. लिव्हर फिरवलं की ती उघडते, कॉम्प्रेशन उतरतं, आणि मॅग्नेटो-प्लगच्या ठिणगीवर ते चक्क पेट्रोलचं इंजिन होतं. तापलं की लिव्हर उलटं, पोकळी बंद, डिझेल चालू. आपल्याकडे हँडल मारताना डीकॉम्प्रेशनचं लिव्हर उचलतात, त्याचाच हा थोरला भाऊ समज.

मँचेस्टरच्या गार्डनर घराण्याचा प्रवास याच्या उलट. १८६८ मध्ये शिलाई मशीनच्या कामापासून सुरू झालेलं दुकान, पुढे मुलांनी इंजिनांचा कारखाना केला. १९२९ चं त्यांचं एल-टू इंजिन बोटीसाठी आणि जागेवर बसवण्यासाठी होतं, ते लोकांनी बसमध्ये घातलं. पाण्यावरून रस्त्यावर.

आता तुझ्या नावेचं. पंखा (प्रोपेलर) पाणी मागे ढकलतो तेव्हा शाफ्ट तितक्याच जोरानं पुढे, इंजिनात घुसू पाहतो. मोटारीचं इंजिन असो की पंपाचं, त्याचा क्रॅंक हा धक्का सोसायला केलेला नसतो. केल्व्हिनला मागे रिव्हर्स गिअर होता, तुझ्याकडे न्यूट्रलसुद्धा नाही. म्हणून थेट कपलिंग करू नको, पट्ट्यावर घे. इंजिनाला तीन इंची पुली, शाफ्टला नऊ इंची, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या १००० होतात. मध्ये ढिली-घट्ट होणारी पुली ठेवलीस की न्यूट्रल मिळालं. हा धक्का सोसायला शाफ्टला स्वतःचं टेपर रोलर बेअरिंग दे आणि त्याचा ब्लॉक नावेच्या आडव्या लाकडाला बोल्टनं आवळ, नुसत्या फळीला नाही. शाफ्ट शक्यतो सपाट ठेव. पट्ट्यासाठी इंजिन शाफ्टला समांतर बसणार, आणि ते जास्त कललं तर ऑइल एका बाजूला जातं, मग ऑइल उडवणारा रॉडखालचा चमचा ऑइलपर्यंत पोचत नाही.

पूर्ण थ्रॉटलवरही इंजिन ३००० फेऱ्यांना पोचत नसेल तर पंखा मोठा झाला, इंजिनाला दोष देऊ नको. हवेवर थंड होणारं इंजिन आहे, खोक्यात कोंडू नको. पट्ट्यावर तेवढी जाळी घाल. तिकडे जलपर्णी फार, पंख्याला गुंडाळली तर आधी इंजिन बंद, मगच हात.

शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथे पाणी अडवायला पंपाचीच ग्लँड दोरी चालते. शाफ्टभोवती गुंडाळून तिरपी काप, एकेक वेढा वेगळा कर, ग्रीसमध्ये भिजव. एकाचा जोड वर आला तर पुढच्याचा खाली. स्प्रिंगसारखी सलग दोरी कोंबलीस तर पाणी त्याच वाटेनं आत येईल. नट हातानंच आवळ. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडू दे. कोरडी ठक्क आवळलीस तर दोरी जळते आणि शाफ्टला खाच पडते, मग टर्नरकडे गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

बेअरिंग आणि पट्ट्याची शेवटची रेघ नाव पाण्यात उतरवल्यावरच जुळव, निदान एक रात्र गेल्यावर. लाकूड फुगतं, तळ थोडा वाकतो, काठावर जुळवलेलं पाण्यात जुळत नाही.

पुलीचं माप खरादवाल्याला देण्याआधी क्रॅंकच्या टोकाचा व्यास आणि पुली अडकवणाऱ्या चावीची रुंदी मोजून मला कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर