आबानू, लिटिल मोच्या गोष्टीचे आभार राहिलेत

आबानू, तुम्ही मोबाईल हातात धरत नाही हे माहितीये, म्हणून हे तुमच्या नातीने वाचून दाखवायचंय. आणि बाय, मालवणी येईल तिथे नीट हेल काढून वाच गो, मुंबईकरणीसारखं नको.

2009 ची दिवाळी नुकतीच झालेली, मी बारावीत, जिल्ह्याच्या कबड्डी टीममध्ये डावा कॉर्नर म्हणून नाव आलेलं आणि आठवड्याच्या आत दादाच्या मागे बाईकवर बसून येताना उतारावर चिऱ्याचा ट्रक आम्हाला घासून गेला. दादाला खरचटलं, माझा उजवा गुडघा गेला. ट्रकचा नंबरसुद्धा कोणी बघितला नाही. मग पडवीत खाट, आणि येणारा प्रत्येक माणूस हातात शहाळं घेऊन एकच बोलायचा, होशील गो बरी, परत खेळशील. आई तेच, सर तेच, देवळात लावलेला कौलसुद्धा तोच. डॉक्टर मात्र माझ्याकडे न बघता बाबांशी हळू बोलायचे, त्यावरून मला काय ते कळलेलं. तोपर्यंत कोणी 'परत खेळशील' म्हटलं की उशी फेकून मारावीशी वाटायची.

तुम्ही आलात ते शहाळं न घेता. बाकड्यावर टेकलात आणि म्हणालात, "तुका एका चेडवाची गोष्ट सांगतंय. ता परत कधी खेळला नाय."

आईने आतून असं काही बघितलं तुमच्याकडे की बास.

ती पोर टेनिस खेळणारी, आणि टेनिस म्हणजे आमच्याकडे टेनिस बॉल क्रिकेट, त्यामुळे तुम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागली. मला खाटेसकट खळ्याच्या कडेला आणून ठेवायला लावलंत, काठीने सारवलेल्या खळ्यावर कोर्ट आखलंत (आई परत बघत होती) आणि सुकत घातलेल्या दोन सुपाऱ्या उचलून ठेवल्यात, एक मोठी, एक बारकी. बारकी म्हणजे मॉरीन कॉनोली. नेटजवळ फारशी जायची नाही, मागच्या रेषेवरून एकदा डावीकडे एकदा उजवीकडे मारून मोठ्या सुपारीला पळवून पळवून दमवायची. अमेरिकेतल्या सॅन दिएगोची, म्हणजे आपल्यासारखी बंदरातलीच पोर. लहानपणी तिला घोडा हवा होता, आईला परवडेना म्हणून हातात रॅकेट आली. मूळची डावरी, पण कोचने उजव्या हाताने खेळायला लावलं. 'मिसुरी' युद्धनौकेला 'बिग मो' म्हणायचे, आणि हिचे फटके त्या नौकेच्या तोफांसारखे, म्हणून तिथल्या एका पत्रकाराने हिची 'लिटिल मो' करून टाकली. इथे तुम्ही तोफा सोळा इंची होत्या हे पण सांगितलंत, बोटीवरचा माणूस, राहवणार कसं.

1951 ला सोळाव्या वर्षी अमेरिकन स्पर्धा जिंकली आणि तिथून पुढे ज्या ज्या ग्रँड स्लॅममध्ये (टेनिसच्या वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धा) एकेरीत उतरली ती प्रत्येक जिंकली, नऊच्या नऊ. 1953 ला तर एकाच वर्षात चारही, असं करणारी पहिली बाई, वय 18, आणि चार स्पर्धा मिळून हरली फक्त एक सेट. नंतर हे दोघींनाच जमलं, 1970 ला मार्गारेट कोर्ट आणि 1988 ला स्टेफी ग्राफ.

मग 20 जुलै 1954. तिसरं विम्बल्डन जिंकून तीन आठवडेही झाले नव्हते. घोड्यावरून फिरायला गेलेली, आणि घोडा कुठला तर तिच्या जिंकण्यावर खूश होऊन गावानेच भेट दिलेला. बाजूने काँक्रीट मिक्सरचा ट्रक गेला, घोडा बिथरला, उजवा पाय ट्रकवर चेपला. 19 वर्षांची होती.

मी विचारलं, मग?

"मगे काय. खेळ सोपला."

अपघातानंतर मी पहिल्यांदा धड रडले ती तेव्हा. तुम्ही गप राव म्हणाला नाहीत, सुपाऱ्या उलथत बसलात.

पुढचं तुम्ही रोज थोडं थोडं सांगितलंत. तिने त्या ट्रकवाल्या कंपनीवर केस टाकून 95,000 डॉलर मिळवले (आमचा ट्रकवाला सुटलाच), ऑलिंपिकमधल्या घोडेस्वाराशी लग्न केलं, दोन मुली, पेपरसाठी टेनिसवर लिहिलं, पोरांना शिकवलं. 1968 ला डॅलसमध्ये मैत्रिणीबरोबर लहान खेळाडूंसाठी संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी, विम्बल्डनच्या तोंडावर, कॅन्सरने गेली, 34 व्या वर्षी. 'लिटिल मो' नावाच्या लहान मुलांच्या स्पर्धा अजून चालू आहेत. 'खेळत राहिली असती तर किती जिंकली असती' हा हिशोब लोकांना फार आवडतो, मला अजिबात नाही, आणि तुम्ही तो एकदाही केला नाहीत.

माझ्या डोक्यात राहिली ती वेगळीच गोष्ट. तिच्या दुसऱ्या कोचने तिला समोरच्या खेळाडूचा द्वेष करायला शिकवलेलं, आणि ती जिंकायची ते बरंचसं हरण्याच्या भीतीने, हे तिने स्वतःच नंतर लिहिलं. आमचे एक सर पण 'समोरचीला वैरीण समज' म्हणायचे आणि मी समजायचे पण, मॅचच्या आदल्या रात्री पोटात गोळा घेऊन जागी असायचे, तो गोळा कसला हे मला त्या खळ्यावर कळलं.

आता सात वर्षं मी शाळेच्या मैदानात संध्याकाळी पोरींना कबड्डी शिकवते, गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो, घोटा पकड मी करून दाखवू शकत नाही, तोंडाने सांगते. वैरीण हा शब्द मैदानात चालत नाही. गेल्या महिन्यात एकीचा खांदा निखळला, तिच्या घरी गेले आणि तोंडातून 'परत खेळशील' निघणारच होतं. गिळलं. तिच्या आजीने मला शेवटपर्यंत चहा विचारला नाही.

सुपारी काढली की कळवा. बारा जणी आहेत, सगळ्यांना खळ्यावर घेऊन येते, एकदा कोर्ट आखून दाखवा. सुपाऱ्या थोड्या तुडवल्या जातील, आईला तुम्हीच समजवा.