आईच्या टाक्यातलं गुऱ्हाळ

राजारामपुरी, कोल्हापूर

ती. आप्पा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आप्पा, परवा फोनवर मी आईच्या भरतकामाचं प्रदर्शन शाहू स्मारकाच्या दालनात भरवायचं म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "शाहू स्मारकात चित्रं लावत्यात, उशीचे अभ्रे न्हाईत." आई मागनं हसली आणि विषय मिटला. माझा मिटला नाही. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून लिहितेय.

नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय मला तुम्हीच दाखवलंत. त्यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रं बघताना तुमचे पाय निघत नव्हते. पावडरीनं केलेलं चित्र होतं, मग दोऱ्यानं केलेलं का होऊ नये?

आईचं गुऱ्हाळाचं कापड एकदा खिडकीपाशी नेऊन तिरकं धरा. काहिलीतला रस तिनं साखळी टाक्यानं गोल गोल फिरवत भरलाय. रंग तीनच, पण टाक्याची दिशा वळली की दोऱ्याची चमक वळते आणि रस उकळायला लागतो. चित्रकार रंग आधी कालवून घेतो. आई सहापदरी दोरा सोडवून काळ्याच्या दोन पदरांत जांभळ्याचा एक मिसळते, आणि म्हशीची पाठ ओली दिसायला लागते. वाफेसाठी तर एकाच पदराचा विरळ धावदोरा, बाकी कोरं कापड. कुठं थांबायचं हे जिला कळतं, तिला मी तरी चित्रकारच म्हणणार.

भरतकामाला चित्रात न धरणारे तुम्ही एकटे नाही. लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ साली निघाली आणि थोड्याच वर्षांत त्यांनी ठरवून टाकलं, की सुईकाम प्रदर्शनात घ्यायचं नाही. कृत्रिम फुलं, शिंपल्यांचं काम आणि भरतकाम, सगळं एकाच दावणीला बांधलं. आणि त्याच युरोपात, फ्रान्समधल्या बायू गावानं, ११ व्या शतकातलं जवळपास ७० मीटर लांबीचं भरतकाम जपून ठेवलंय. लिननवर लोकरीचा दोरा. विषय १०६६ सालची इंग्लंडमधली लढाई. राजे, घोडे, जहाजं. मला त्यातली खालची चिंचोळी पट्टी आवडते. तिथं एकजण नांगरतोय, एकजण पेरतोय, मागनं घोडा जुंपून ढेकळं फोडणं चाललंय आणि एकजण पाखरांवर गोफण फिरवतोय. आप्पा, गोफण! शाळू राखायला तुम्ही माळ्यावर चढायचा तीच. लढाईच्या गोष्टीत शेतकऱ्याला जागा काठावरच मिळाली, हे सोडून द्या. आईनं त्याला मधोमध घेतलाय.

आई, तुझ्यासाठी दुसरी एक गोष्ट. चिली देशात व्हिओलेता पार्रा म्हणून बाई होत्या, खेडोपाडी फिरून लोकगीतं गोळा करायच्या आणि गायच्या. आजारपणात अंथरुणाला खिळल्या आणि गोणपाटावर लोकरीनं चित्रं भरायला लागल्या. १९६४ साली त्यांचं काम पॅरिसच्या लूव्र राजवाड्यातल्या संग्रहालयात लागलं. गोणपाटावरचं काम, बरं का. तुझं तर चांगलं मांजरपाट आहे.

आणि तुला हे कुठल्या वर्गात शिकायला लागलं नाही. चिकोडीच्या आजीचा कशिदा तुझ्या बोटांत आहे. खालचं कापड छापायचं नाही, धागे मोजत जायचं, गाठ मारायची नाही, दोन्ही अंगांनी सारखं दिसलं पाहिजे. इरकलीच्या पदरावर ती पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन काढायची. तू पालखीच्या जागी ऊसतोड्यांची झोपडी, कोपी, काढलीस, एवढाच फरक.

आता थोडं कडू. सगळं लावायचं नाही. 'सुस्वागतम'चं तोरण आणि मॅटीवरची राधाकृष्णाची जोडी घरीच राहू दे, ती पुस्तकातल्या नमुन्यावरची आहेत. लांब पापण्यांची गायसुद्धा नको. तसली गाय आपल्या गोठ्यात कधी नव्हती. गुऱ्हाळ, इरलं घेतलेल्या बायकांची रोपलावण, आणि ती कोपी हवीच. कोपीपुढं चुलीशी बसलेली पोरगी तू पाठमोरी काढलीस, त्यात सगळं आलं. तिच्यावरचं आभाळ भरायचं राहिलंय म्हणतेस, ते भरू नकोस.

आप्पा, तुमचंही काम आहे. शहरातल्या पोरांना आदण, चुलवाण, गुळव्या यातलं काही कळत नाही. रसाची मळी काढायला भेंडीचं पाणी का घालतात, चिपाडं जळणाला कशी वाळवतात, हे प्रत्येक चित्राखाली दोन-तीन ओळींत तुम्ही लिहायचं. तुमचं अक्षर चांगलं आहे, टाइप करणार नाही मी. आणि गुळव्याच्या हातातला फावडा आखूड झालाय असं तुम्ही म्हणालात ते आईला पटलंय, तिनं मला गुपचूप सांगितलं.

दालनाचं भाडं मी बघते, त्यावरनं वाद नको. येत्या रविवारी गाडी घेऊन येतेय. तोवर कापडं धुऊ नका, लाल दोरा रंग सोडतो. घड्या घालू नका, घडीवर दोरा तुटतो; जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळून नळकांडीसारखी ठेवा. आमच्या फ्रेमवाल्याला सांगितलंय, प्लायवर डिंकानं चिकटवायचं नाही, पुठ्ठ्यावर ताणून मागनं दोऱ्यानं आवळायचं, आणि काच कापडाला टेकता कामा नये.

आई, प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात तुझं नाव घालून ठेव. आप्पांचं नको, आडनाव नको, नुसतं तुझं. लाजू नकोस.

तुमची,
धाकटी