विन्या, ओसी वाचली रे शेवटी

विन्या,

आठ महिने ना फोन ना मेसेज, शिव्या घाल, ऐकून घेतो. तब्येती बऱ्या आहेत, आईचा गुडघा तसाच. पण आज जे झालंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही.

आम्ही फ्लॅट बघितला. नवी कोरी बिल्डिंग, नववा मजला, उजेड एवढा की रेवाने पडद्यांची मापं घेऊन टाकली. टोकनही दिलं. काल पेपर बघायला गेलो तर तिथल्या माणसाने प्लास्टिकच्या फोल्डरमधून ओसी, म्हणजे बिल्डिंगमध्ये राहायला जायच्या परवानगीचा दाखला, काढली, शिक्का, सही सगळं दाखवलं आणि लगेच परत आत सरकवायला लागला. म्हटलं थांबा जरा. तिसऱ्या ओळीत लिहिलेलं, तळमजला अधिक सात मजले. सात! मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. तर म्हणे, "ती पार्ट ओसी आहे, वरच्या दोन मजल्यांची येतेच आहे, तोवर फर्निचरसाठी चावी घेऊन टाका."

तुझं वाक्यच आठवलं, ओसी बघायची नसते, वाचायची असते. तुमच्या बिल्डिंगला ओसी नव्हती, पाण्याचे टँकर यायचे, तेव्हा तू हेच सांगत होतास आणि मी नानांसमोर म्हणालो याला कोर्टाचं वेड लागलंय, तू भरल्या ताटावरून उठलास. माझं चुकलं रे. तेव्हाच म्हणायला हवं होतं.

रात्री दोनपर्यंत महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर प्रोजेक्टचं पान उघडून बसलो. सीसी, म्हणजे बांधकामाची परवानगीसुद्धा सातव्यापर्यंतचीच अपलोड केलेली, म्हणजे आमचा मजला बांधायची परवानगीच तिथे दिसत नाही आणि हे मला फ्लॅट विकतायत! वर म्हणतात अ‍ॅग्रीमेंट नंतर करू, आधी पंचवीस टक्के भरा. रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झाल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर घेताच येत नाही, तोंडावर सांगितलं, तर "सगळे भरतात साहेब". तू कॅन्टीनचं बिल तीनदा तपासायचास ना, तू असतास तर त्याला तिथेच घाम फुटला असता.

घरात यावरून अबोला आहे. रेवा म्हणते बँकेने प्रोजेक्ट अ‍ॅप्रूव्ह केलाय, तू एकटाच कशाला घाबरतोस. अगं पण बँकेचा वकील बँकेचे पैसे बघणार, आपले कोण बघणार? ओसी नाही आली तरी हप्ता आपल्याच खात्यातून जाणार. मी स्वतःचा वकील लावतोय, जमिनीच्या मालकीचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि तिच्यावर बोजा, म्हणजे कर्ज वगैरे, आहे का ते बघायला. पण खरं सांगू, बाबांच्या पीएफचे पैसे आहेत यात, ते रोज विचारतात कधी जायचं राहायला, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

तुझं नवीन ऑफिस कसंय, वहिनीची बदली झाली का, पिल्लू बोलायला लागलं का, सगळं लिही.

सही करायच्या कागदांच्या ड्राफ्टचे फोटो सोबत आहेत. पान 11 आधी बघ. फर्निचरसाठी चावी घेतली की तोच ताबा धरणार, आणि पुढे उशिराबद्दल तक्रार करणार नाही असं लिहून घेतायत. रेराच्या कलम 18 चं, ताबा उशिरा दिल्याबद्दलचं व्याजच सोडायला लावतायत ना हे? शनिवारी सही करायला बोलावलंय. मी जाणार नाहीये, पण त्याआधी तुझा आवाज ऐकायचाय.

तुझा,
बंड्या